जुनी ब्रिटिश मोटारसायकल घेताय? आधी आरसी बुक उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर जुन्या ब्रिटिश मोटारसायकली घेणाऱ्यांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ ही नावे नागपुरात पुन्हा घेतली जात आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण ग्रॅच्युइटीच्या पैशातून गाडी घेणाऱ्याने नेमके काय तपासावे, हे त्या लेखात आले नाही. साठीत घेतलेल्या गाडीत फसगत झाली तर पैसा परत उभा करायला वेळ हाती नसतो, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट कागदांची. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होते, नंतर मुंबई राज्यात आले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे इथल्या चाळीस-पन्नासच्या दशकातल्या गाडीच्या आरसी बुकावर दोन-तीन राज्यांचे शिक्के दिसले तर त्यात वावगे काही नाही. पाहायचे ते हे, की पहिल्या मालकापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची साखळी कुठे तुटलेली नाही ना. मधला एखादा मालक वारला असेल आणि वारसांनी फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घेतली नसेल, तर विक्रेत्याने सही केलेल्या फॉर्म २९ आणि ३० ला काही अर्थ उरत नाही. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. दुसरे, हाताने लिहिलेली नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढली आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहा. ती चढलेली नसेल तर हस्तांतरण, विमा आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट, सगळेच अडते. ही जुनी नोंद चढवण्याचे काम (बॅकलॉग एंट्री) विक्रेत्यानेच आधी करून द्यावी. ‘नंतर करून देतो’ या शब्दावर विसंबू नका.

चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की धातूवरची खाडाखोड उमटते. घासून पुन्हा ठोकलेल्या नंबराभोवतीची जागा खोलगट, गुळगुळीत आणि आजूबाजूच्या ओतीव धातूपेक्षा वेगळी लागते. इथे एक गैरसमज फार पसरला आहे, की दोन्ही नंबर सारखे असले तरच गाडी अस्सल. ट्रायम्फच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. बीएसएमध्ये मात्र साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर मुळातच वेगवेगळा असे. म्हणजे १९४२ च्या बीएसए एम-२० या मॉडेलवर दोन्ही नंबर तंतोतंत जुळत असतील, तर संशय तिथे घ्यायचा. लष्करातून लिलावात निघालेल्या गाड्यांची इंजिने लष्करी कारखान्यांतही बदलली जात. त्यामुळे वेगळे इंजिन हा दोष नाही, ते आरसीवर चढवलेले नसणे हा दोष आहे. इंग्लंडमधला व्हिंटेज मोटर सायकल क्लब अनेक कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्या सांभाळतो आणि नंबरावरून गाडीच्या वर्षाचा दाखला देतो. महागडी गाडी घेताना तो मागवावाच.

आता व्हिंटेज नोंदणीच्या ‘व्हीए’ नंबराबद्दल. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर कायम ठेवता येतो. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला रविवारी रामटेकला जाऊन यायचे आहे, त्याने चालू नोंदणी असलेली गाडी शोधावी आणि तिचे नूतनीकरण करत राहावे. हौशीच्या भरात चालू नोंदणी सोडून व्हीए घेणे आम्हाला पटत नाही.

गाडी कोणती घ्यावी, हे मनापेक्षा गुडघ्याला विचारा. विशीत भिंतीवर लावलेले चित्र बहुधा बीएसए गोल्ड स्टारचे किंवा ट्रायम्फ बॉनव्हिलचे असते. ५०० सीसीची गोल्ड स्टार, चढे कॉम्प्रेशन आणि रेसिंगचा कार्ब्युरेटर असलेली, साठीच्या माणसाला किक मारायला कठीण जाते. याउलट बीएसए एम-२० हे ४९६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन. ताकद अवघी १३ अश्वशक्ती, कॉम्प्रेशन पाचाच्या आसपास. युद्धकाळात अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. ती ताशी ६०-६५ किलोमीटरने दिवसभर चालते आणि किकही सोसवते. वजन मात्र १६८ किलोच्या घरात आहे आणि मागच्या स्टँडवर गाडी चढवताना ते कमरेला कळते. मॅचलेस जी-३/एल ३५० सीसीची, सुमारे २० किलोने हलकी आणि पुढे टेलिस्कोपिक फोर्क असलेली, म्हणून खड्ड्यांत मनगटांना सुखाची. गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर १०० किलोच्या आसपासची ट्रायम्फ टायगर कब किंवा बीएसए बँटम घ्या. लहान गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. घेण्यापूर्वी ती स्वतः तीनदा स्टँडवर चढवा, तीनदा उतरवा आणि मागे ढकलून वळवून पाहा. हे जमत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा.

पाहायला जाल तेव्हा इंजिन गार हवे. फोनवर तसे सांगून ठेवा आणि पोहोचताच सिलिंडरला हात लावा. गरम लागला तर विक्रेत्याने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे गार असताना ती बहुधा लवकर चालू होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. टाकी आणि मडगार्डवर लोहचुंबक फिरवा. तो जिथे पकड सोडतो तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. टाकीत टॉर्च मारून गंज पाहा. नव्या रंगाला आणि चकचकीत क्रोमला किंमत देऊ नका, ते काम कुठेही होते. मोजायचे ते आत.

इंजिन चालू झाल्यावर ऑइल टाकीचे झाकण उघडून परतीच्या नळीकडे पाहा. तेल थुंकल्यासारखे, हवेबरोबर तुटक तुटक यायला हवे. इंजिनाच्या तळातले तेल टाकीत परत उपसणारा पंप तेल पुरवणाऱ्या पंपापेक्षा मोठा असतो, म्हणून तसे होते. सुरुवातीला धार सलग येईल, पण ती काही मिनिटांनीही तुटली नाही तर तळात तेल साचले आहे. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतले तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळात, उतरते. मग किक जड लागते, निळा धूर निघतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल सांडते. कारण बहुधा तेल अडवणाऱ्या झडपेची गोळी किंवा तिची बसायची जागा खराब होणे, नाहीतर पंपाची झीज. काही मिस्त्री ऑइलच्या नळीत कॉक बसवून देतात. तो बसवू नये. एकदा उघडायचा राहिला की काही मिनिटांत इंजिन जाम होते. त्यापेक्षा तळाचा ड्रेन बोल्ट खोलून तेल काढा, गाळा, टाकीत परत घाला आणि गोळीची झडप दुरुस्त करून घ्या.

ट्रायम्फ आणि बीएसएच्या जोड-सिलिंडर इंजिनांत क्रँकच्या पोटात गाळ साठवणारी नळी असते. या इंजिनांत आजच्यासारखा बारीक ऑइल फिल्टर नव्हता, तेव्हा गाळ फिरत्या क्रँकच्या जोराने त्या नळीत जाऊन बसे. ती भरली की बिग-एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, जाणारे तेल बंद. बाहेरून काहीही ऐकू येत नाही, आणि एके दिवशी कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. ‘इंजिन बांधलेले आहे’ असे विक्रेता म्हणाला, तर ती नळी उघडून साफ केल्याचे फोटो किंवा बिल मागा. नसेल तर इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करा. न उघडलेल्या जुन्या इंजिनात आजचे डिटर्जंटयुक्त मल्टिग्रेड तेल घालणेही धोक्याचे, कारण ते वर्षानुवर्षे बसलेला गाळ सोडवून तेलाच्या वाटांत आणते. अशा इंजिनात साधे मोनोग्रेड वापरा, नागपूरच्या उन्हाळ्यात एसएई ५०.

मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्राची, परीक्षा मात्र गरम इंजिनावर घ्यायची. लुकासच्या जुन्या मॅग्नेटोत आर्मेचरवर लाखेचा लेप असे. आपल्याकडच्या ४५ अंशांत, इंजिनाच्या शेजारी, तो मऊ होऊन ओघळतो, आणि आतला कंडेन्सरही तापल्यावर दगा देतो. लक्षण ठरलेले: सकाळी एका किकला चालू, अर्ध्या तासाने चौकात बंद, तासभर गार झाल्यावर पुन्हा चालू. म्हणून अमरावती मार्गाने वाडीपर्यंत चालवा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा किक मारा. परतताना सेमिनरी हिल्सचा चढ घ्या, म्हणजे क्लच घसरत असेल तर तेही कळेल. आर्मेचर नव्याने गुंडाळून, आजच्या इन्सुलेशनसह आणि आधुनिक कंडेन्सर बसवून घेतले की ही कटकट मिटते. त्यानंतर पॉइंटचे अंतर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३० मिलिमीटर, आणि प्लगचे १८ ते २० थाऊ ठेवा. वायरिंगला हात लावणाऱ्याला आधी सांगून ठेवा, की पन्नास-साठच्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चेसिसला असते. सवयीने निगेटिव्ह जोडले तर अल्टरनेटरच्या गाडीत रेक्टिफायर जळतो.

पेट्रोलचा प्रश्न आपल्या त्या लेखात अजिबात नव्हता, आणि आज तोच मोठा आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुने रबरी पाइप त्याने फुगतात आणि टाकीतला जुना एपॉक्सीचा लेप सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात) अडकतो. पाइप आणि सील इथेनॉलला टिकणारेच घ्या. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून मूळ जेटवर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, उतारावर एक्झॉस्टमध्ये फटाके वाजतात. अमाल कंपनीच्या कार्ब्युरेटरमधल्या मेन जेटवरचा आकडा मिनिटाला किती सीसी पेट्रोल जाते तो असतो. १७० चा जेट असेल तर १८० लावून पाहा, आणि सुई एक खाच वर करा. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, पावसाळ्यात तर नक्कीच. इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढते आणि आतला जस्ताचा मिश्रधातू पांढरा पडतो.

मिस्त्री निवडताना एकच पाहा: त्याच्याकडे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, पाने आहेत का. या गाड्यांचे आटे मेट्रिक नाहीत. त्यांत सायकल थ्रेड, बीएसएफ आणि थोडे व्हिटवर्थ असे जुन्या ब्रिटिश मापांचे आटे आहेत. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि नटचे कोपरे गोल करतो. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये कुणी मेट्रिक टॅप मारला असेल तर ते काम निस्तरायला हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेची आटे-गुंडाळी) किंवा वेल्डिंग लागते. सिलिंडरचे बोअरिंग नागपुरात चांगले होते. बीएसए आणि मॅचलेसच्या क्रँकचे काम मात्र ज्याने तो क्रँक जोडून डायल गेजवर दोन थाऊंच्या आत फिरवून दाखवला आहे, त्यालाच द्या. टायरची चिंता नको. एम-२० चा ३.२५-१९ हा आकार जुन्या बुलेटचाच आहे.

चालवायला बसताना दोन गोष्टी पक्क्या करा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. आजच्या गाड्यांची सवय असलेल्याचा उजवा पाय घाईत गिअरवर पडतो, म्हणून पहिले काही आठवडे फक्त पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर चालवा. आणि हँडलवर इग्निशनचा लिव्हर असेल तर किक मारण्यापूर्वी तो रिटार्डकडे, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशा बाजूला, घ्या. पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडते, किक उलटी फिरते आणि घोटा मोडतो. क्रम असा: कॉक उघडा, कार्ब्युरेटरचा टिकलर (त्यात पेट्रोल भरून घेणारे बटण) पेट्रोल ओले लागेपर्यंत दाबा, किक कॉम्प्रेशनपर्यंत हळू न्या, व्हॉल्व्ह-लिफ्टर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून किंचित पुढे ढकला, किक वर आणा, आणि मग शरीराचे वजन टाकून एकच पूर्ण किक. जाड तळाचे बूट घाला, चपलेवर कधीच नको.

शेवटी एक मागणी. नागपूर शहर, पूर्व आणि ग्रामीण या तिन्ही परिवहन कार्यालयांनी १९८९ पूर्वीच्या हस्तलिखित नोंदी ‘वाहन’मध्ये चढवण्यासाठी महिन्यातला एक दिवस ठरवून द्यावा, जुन्या नोंदवह्या पाहणारा कर्मचारी त्या दिवशी बसवावा, आणि लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत फलकावर लावावी. साठ-सत्तरीच्या माणसाला त्यासाठी दलाल गाठावा लागू नये.

आपले,
जुन्या मोटारसायकलींची कामे करणारे काही कारागीर आणि चालक,
नागपूर