आरोग्यमंत्री साहेब, माझ्या बहिणीच्या केसपेपरवर फक्त डिप्रेशन लिहिलंय

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी बहीण 19 वर्षांची असल्यापासून डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय, आता 26 ची आहे. गोळी चार वेळा बदलली, दर वेळी दोन महिने बरं वाटतं आणि परत तेच. मैत्रिणीने फोन उचलला नाही एवढ्यावरून रात्रभर रडणार, आपल्याला टाकून देतील या भीतीने आधी स्वतःच भांडून मोकळी होणार, मग स्वतःलाच इजा करून घेणार. आम्हाला वाटायचं स्वभावच तसा. आई अजून म्हणते लग्न झालं की होईल नीट.

मागच्या वर्षी उसने पैसे घेऊन पुण्याला एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे नेलं. तीन-चार भेटी नीट ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं फार अवघड जातं असा मानसिक आजार. सात वर्षांत हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं! डिप्रेशन खोटं नाही, ते आहेच, पण त्याच्या खाली हे आहे, आणि हे तसंच राहिलं तर नुसत्या गोळीने उदासी पुरती जात नाही, हे सुधारलं की ती पण बरीच ओसरते. याचा मुख्य उपचार थेरपी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी यासाठीच डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) तयार केली, आणि तरुणपणी आपणही यातूनच गेलोय हे त्यांनी 2011 साली उघड सांगितलं, ते वाचून बहीण खूप वेळ गप्प बसली होती.

पण डीबीटी म्हणजे दर आठवड्याला भेट, शिवाय ग्रुप, आणि हे साधारण वर्षभर. एका भेटीचे 1500 रुपये, वर जाण्यायेण्याचं भाडं. तीन महिन्यांत थांबवलं.

साहेब, सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर एवढी रांग असते की पाच मिनिटांत ते तरी किती विचारणार. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणारी, परवडणारी सेवा हा हक्क दिलाय ना? मग प्रत्येक जिल्हा रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची कायमची पोस्ट भरा, त्यांना डीबीटीचं ट्रेनिंग द्या. ग्रुपमध्ये एका वेळी आठ-दहा पेशंट शिकतात, म्हणजे खर्चही आवाक्यातला आहे. आणि डिप्रेशनचा पेशंट दोन-तीन औषधांनी सुधारत नसेल तर एकदा तरी तासभर बसून त्याची पूर्ण हिस्ट्री घ्यायचीच असा नियम करा.

बहिणीची पुढची तारीख सोमवारी आहे. पुण्याच्या मॅडमनी लिहून दिलेला कागद मी सोबत नेतोय, तो वाचायला तिथे कुणाला तरी वेळ मिळावा.

आपला,
एक भाऊ