विषय : हार्ड डिस्क इंटरफेस कार्डांच्या तुलना-तक्त्यातील चुकीची माहिती आणि सदोष कार्ड

व्यवस्थापक महोदय,

आज दुपारी तुमच्या मदत केंद्राशी माझे चौथ्यांदा बोलणे झाले. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाला हार्ड डिस्क जोडणाऱ्या तुमच्या दोन कार्डांचा तक्ता वाचून मी महागडे कार्ड घेतले, कारण स्वस्त कार्ड ८ बिटी आणि हे १६ बिटी असल्याचे तुम्हीच छापले आहे. या संगणकाच्या एडीएफएस या फाइल-व्यवस्थेचा सेक्टर (साठवणीचा एक कप्पा) २५६ बाइटचा असतो आणि आयडीई जोडणीच्या डिस्कचा ५१२ बाइटचा. ८ बिटी कार्ड डिस्कवरच्या प्रत्येक शब्दातला, म्हणजे दोन बाइटांच्या जोडीतला, खालचा बाइट तेवढा वापरते आणि निम्मी डिस्क वाया जाते. मी डिस्क म्हणून ५१२ एमबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड लावले, तर जागा २५६ एमबीच मिळाली. मल्टिमीटर लावून पाहिले, तेव्हा ४० पिनांच्या कनेक्टरमधील ४ ते १८ या सम क्रमांकांच्या पिना, म्हणजे वरच्या बाइटच्या आठही लाइन, कुठेच जोडलेल्या आढळल्या नाहीत. १६ बिटी कार्डाचे पैसे घेऊन तुम्ही मला ८ बिटी कार्ड पाठवले आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. या संगणकाचा २ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर बाहेरची उपकरणे जोडण्याच्या १ मेगाहर्ट्‌झ बसशी जुळवून घेताना, कार्डाला हाक देणाऱ्या निवड-लाइनवर खोटे स्पंद येतात आणि ते गाळणारे सर्किट कार्डावर असावेच लागते. तक्त्यात त्यापुढे बरोबरची खूण आहे, कार्डावर मात्र त्या जागी रिकामे सोल्डर पॅड आहेत. परिणामी फाइल साठवताना ‘ब्रोकन डिरेक्टरी’ (फाइलींची यादी बिघडली) असा त्रुटी-संदेश येतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

हे सर्व मी तुमच्या प्रतिनिधीला सांगितले. तो म्हणाला, “काका, विंडोज अपडेट करून बघा.” या संगणकात विंडोज नसते, तो १९८१ सालच्या बनावटीचा आहे, असे मी सांगितले. “मग यूएसबीला लावून फॉरमॅट करा.” यूएसबी नाही, असे सांगितल्यावर त्याने मला पाच मिनिटे थांबवून ठेवले आणि परत येऊन म्हणाला, “काका, एवढा जुना कशाला वापरता? नवीन घेऊन टाका ना.” तुमची कंपनी केवळ जुन्या संगणकांचेच सुटे भाग विकते, हे त्याला ठाऊक नसावे याची मला लाज वाटली. हा संगणक १९८४ मध्ये सुरू झालेल्या, शाळांमधील संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून आमच्या शाळेत आला होता. शाळेने तो निर्लेखित केल्यावर मी घरी आणला. माझ्या विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम असलेल्या फ्लॉपी आता एकेक करून खराब होत आहेत आणि त्या वाचवण्यासाठीच मी हे कार्ड घेतले.

तक्ता खोटा आहे, हे मी पुन्हा लिहितो. १५ दिवसांत तक्त्याप्रमाणे खरे १६ बिटी कार्ड पाठवा अथवा पूर्ण रक्कम परत करा आणि तक्ता दुरुस्त करा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. कार्ड, पावती आणि तक्त्याची छापील प्रत माझ्याजवळ आहे.

आपला ग्राहक,
एक निवृत्त शिक्षक