सिम्पसन वाळवंट (ऑस्ट्रेलिया) सहल : निघण्यापूर्वी वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. वाळवंटाच्या पश्चिमेकडचं माउंट डेअर सोडलं की थेट पूर्वेकडच्या बर्ड्सव्हिल गावापर्यंत इंधन मिळत नाही, आणि वाटेत हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या आहेत. मऊ वाळूत डिझेल खूप जास्त लागतं, त्यामुळे टाकीबरोबर जादा कॅनही भरून घ्या. टायरमधली हवा कमी करूनच वाळूत शिरायचं. नंतर ती परत भरायला कॉम्प्रेसर प्रत्येक गाडीत असायला हवा. गाडीवर उंच झेंडा सक्तीचा आहे. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आधी तोच दिसतो, तेव्हा कृपया टाळाटाळ नको. पार्कचा पास याच आठवड्यात काढा. मोबाइलला रेंज नसेल. सॅटेलाइट फोन पहिल्या आणि शेवटच्या गाडीत राहील. पहिला मुक्काम वाळवंटाच्या कडेला असलेल्या डलहौसीच्या गरम झऱ्यांवर, पोहण्याचे कपडे जरूर घ्या. कचरा सगळा सोबत परत आणायचा.