विषय: स्टँडबाय तुटल्यामुळे प्रायमरी बंद पडणे आणि त्यावर आपल्या सपोर्टने दिलेला घातक सल्ला

प्रति,
प्रमुख, सपोर्ट विभाग

महोदय,

'स्टोरेज ही ग्राहकाची जबाबदारी' असे फोनवर सांगून तिकीट बंद केले गेले. म्हणून आता लेखी.

आपली सेवा पोस्टग्रेस १५ या डेटाबेसवर चालते. प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर, स्टँडबाय म्हणजे त्याची सतत अद्ययावत होणारी राखीव प्रत. स्टँडबाय तुमचा, त्याचा रेप्लिकेशन स्लॉटही (प्रत कुठवर पोचली याची प्रायमरीवरची नोंद) तुमचाच. स्टँडबाय तुटला, स्लॉट राहिला, आणि स्लॉट असेपर्यंत पोस्टग्रेस वॉलच्या (डब्ल्यूएएल, प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंदवही) फायली सोडत नाही. डिस्क भरली, प्रायमरी पॅनिक होऊन बंद. फेलओव्हर, म्हणजे प्रायमरी पडल्यावर काम ज्याच्याकडे जायचे, तो स्टँडबायच कोसभर मागे. यासाठी 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज' ही, स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याची मर्यादा घालणारी सेटिंग आवृत्ती १३ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. डीफॉल्ट -१, म्हणजे अमर्याद. ती तुम्ही तशीच ठेवली. सुपरयूजर (सेटिंग बदलण्याचे पूर्ण अधिकार) आम्हाला देत नाही, मग ही ग्राहकाची जबाबदारी कशी?

आता तो संवाद. स्लॉट निष्क्रिय असल्याचा मॉनिटरिंगचा स्क्रीनशॉट तिकिटावर होता. उत्तर आले, "सर, रीस्टार्ट करून बघितलं का?" बंद पडलेला सर्व्हर! मग, "एखादी क्वेरी हेवी असेल." आणि मग, "पीजी_वॉलमधल्या जुन्या फायली डिलीट करतो, जागा होईल." म्हणजे वॉल जिथे असतो त्याच फोल्डरमधल्या!

"जुन्या म्हणजे कोणत्या?"

"तारखेने जुन्या, सर."

शेवटचा चेकपॉइंट (बदल डिस्कवर पक्के झाल्याची खूण) ज्या वॉल फाइलीत आहे ती गेली, तर डेटाबेस उठत नाही. मग बॅकअप, नाहीतर वॉल पुसून नव्याने सुरू करणारे पीजी_रीसेटवॉल आणि डेटाच्या सुसंगतीवर पाणी. आम्ही अडवले म्हणून वाचलो. डिस्क वाढवा, सर्व्हर उठवा, स्लॉट ड्रॉप करा, चेकपॉइंट द्या, पीजी_बेसबॅकअपने (प्रायमरीची पूर्ण प्रत घेणारे साधन) नवा स्टँडबाय उभारा. हे ग्राहकाने शिकवायचे, आणि प्रीमियम सपोर्टचे पैसेही ग्राहकानेच भरायचे.

इतर डेटाबेस बघा. मायएसक्यूएल ८.० मध्ये बिनलॉग (बदलांची नोंदवही) रेप्लिकासाठी, म्हणजे प्रतीसाठी, थांबत नाही, डीफॉल्टने ३० दिवसांनी साफ होतो. मागे पडलेली रेप्लिका १२३६ त्रुटी देऊन तुटते, पण प्रायमरी जगते. एसक्यूएल सर्व्हरच्या अव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये (प्रतींचा संच) लॉग असाच अडकतो, मात्र कारण स्वच्छ लिहून मिळते. त्याचा कोअरवरचा परवाना मात्र प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ४ कोअरचा. स्वतः पोस्टग्रेस, पॅट्रोनी (आपोआप फेलओव्हर करणारे साधन) आणि पीजीबॅकरेस्ट (बॅकअपचे साधन) चालवले तर परवान्याचा खर्च शून्य, खर्च फक्त रात्री उठणाऱ्या माणसाचा. तो वाचावा म्हणून तर तुमच्याकडे आलो!

९९.९५ टक्के अपटाइम म्हणजे ३० दिवसांत २१.६ मिनिटांची सूट. तेवढा वेळ तुमची होल्डवरची धून वाजते.

स्लॉटला मर्यादा लावा, कारणांचा अहवाल लेखी द्या, करारातील क्रेडिट बिलात वळते करा. आणि 'वॉल_लेव्हल' ही सेटिंग लॉजिकल (बदल दुसऱ्या डेटाबेसला पाठवता येतील अशी) करून द्या, डेटा आम्ही दुसरीकडे हलवत आहोत. त्यासाठी रीस्टार्ट लागतो. तेवढा तुमच्या लोकांना जमेल.

आपला,
एक ग्राहक (नूतनीकरण न करणारा)