चाचा, तुम्ही माझं पंक्चर काढलं नाहीत

चाचा, सलाम.

नातू मोबाइलवर हे वाचून दाखवेल तेव्हा तुमच्या पंक्चरच्या दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असतील तर असू द्या. त्यांनीही ऐकावं म्हणूनच सगळ्यांसमोर लिहिते आहे.

डिसेंबरात पुण्याहून पाचगणीला जाऊन परत, अशी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, मी पूर्ण केली. मुदत १३ तास ३० मिनिटांची असते, मला १२ तास ५० मिनिटं लागली. ही शर्यत नव्हे, तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, वेळेत पोहोचायचं, आणि मधल्या रस्त्यात जे होईल ते आपलं आपण निस्तरायचं. मागून गाडी घेऊन मदतीला यायला मनाई असते. हा नियम मी तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. त्या दिवसानंतर माझ्या सायकलचं एकही पंक्चर तुम्ही काढलं नाहीत.

मला राग यायचा, चाचा. शाळा सुटल्यावर सायकल ढकलत फाट्यापर्यंत यायचं, आणि तुम्ही लिंबाखाली बसून म्हणायचं, "तिथं मी राहीन काय, मॅडम?" टायर रिमवरून उतरवताना माझी नखं तुटली. बाजूला उभी असलेली माणसं हसायची. तुम्ही कधी हसला नाहीत.

पण त्याआधीचं सांगते, कारण खरी सुरुवात दातांपासून झाली. जूनमध्ये मी अमरावतीहून जुनी गिअरची सायकल आणली होती. चिखलदऱ्याच्या वाटेवर धामणगाव गढी मागे पडून मोथ्याचा चढ लागला की दर वेळी खाली उतरावं लागायचं. शहरातल्या एका दुकानात तर मला तोंडावर सांगितलं, तुमच्या वयाला घाट झेपायचे नाहीत. तुम्ही वय विचारलं नाहीत. खडू घेऊन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजले. पंचवीस. पुढच्या लहान चकतीचे चौतीस. "घाट पायानं नाही चढत मॅडम, दातानं चढते," असं म्हणून फरशीवर हिशोब मांडलात: पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वा फेऱ्याहून जास्त फिरतं, मागे ३४ दात बसवले की एकाला एक होईल. गुणोत्तर मी सहावीला शिकवते, पण माझ्या गुडघ्यांशी त्याचा संबंध मला तुमच्या फरशीवर कळला.

मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवायची तर चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलरही लांब पिंजऱ्याचा लागतो, चेनही लांब लागते. तुम्ही असलं काम पूर्वी केलं नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत. तरी एक दिवस दुकान बंद ठेवून लाल डब्ब्यानं अमरावतीला गेलात आणि सामान आणलंत. त्या दिवसाच्या मजुरीचे पैसे तुम्ही आजपर्यंत घेतले नाहीत.

मग दर रविवारी चिखलदरा. पावसाळ्यात मोथ्याच्या वर इतकं धुकं की पुढचं वळण दिसत नसे. घटांगच्या जंगलातून अंधारात एकटीनं जायचं नाही, ही ताकीदही तुमचीच. उतरून आले की तुम्ही रिमला बोट लावून पाहायचात. "तापली. ब्रेक धरून ठेवल्या तुमी." सतत ब्रेक धरला तर रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ऑक्टोबरात एकदा बोट लावून तुम्ही काहीच बोलला नाहीत, सरळ चहा सांगितलात. त्या चहाइतकी शाबासकी मला पुढे मेडल मिळाल्यावरही वाटली नाही.

आता पुण्याचं. खंबाटकी चढले, पसरणीचा घाट एकदाही न उतरता चढले, मोथ्याच्याच गिअरवर. परतताना साडेतीनच्या सुमारास शिरवळजवळ मागचं चाक बसलं. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्यातली एक शिरली असणार. अजून पन्नासेक किलोमीटर बाकी, पुढे कात्रज. माझे हात थरथरत होते. ट्यूब काढली, टायरच्या आतून बोट फिरवलं, काही लागेना. नवी ट्यूब घालणार इतक्यात तुमचं ऐकू आलं: "काटा नाही सापडला तर नवी ट्यूब बी पंक्चर होते."

तेव्हा पिशवीतला कापसाचा बोळा काढला. आमच्याच शेतातला, सरकी काढलेला. तुम्ही शिकवलं होतं तसा टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तार केसाएवढी होती, बोटाला कधीच लागली नसती. चिमट्यानं ओढली. ट्यूब बसवली, हवा भरली आणि निघाले. चोवीस मिनिटं गेली. मुदतीला चाळीस मिनिटं राखून मी पोहोचले. ती तार आतच राहिली असती आणि दुसरी ट्यूबही गेली असती, तर माझ्या कार्डावर शेवटचा शिक्का कदाचित नसता.

ती तार मी कागदात गुंडाळून ठेवली आहे. रविवारी घेऊन येते. मागचे ब्रेक रबर झिजलेत, तेही बदलायचे आहेत. मी बदलीन, तुम्ही फक्त बसून बघा. आणि अमरावतीच्या त्या दिवसाचे पैसे या वेळी घ्यावेच लागतील.

तुमची,
शाळेच्या मॅडम