गोधडीसाठी साड्या देताना

संपादक महोदय,

उन्हाळ्यात रानातली कामं सरली की गावोगावच्या बायका गोधड्या शिवायला घेतात. शहरातली मंडळी जुन्या साड्यांची गाठोडी आणून देतात. त्यांत पुष्कळशा सिंथेटिक निघतात आणि गोधडी बिघडली की बोल मात्र शिवणारीला लागतो.

गोधडीला सुती कापडच हवं. जॉर्जेट, नायलॉनचे थर एकमेकांवरून सरकतात, टाका ढिला पडतो, कापड आतल्या आत गोळा होतं. घामही टिपला जात नाही. शंका असेल तर पदराचा एक धागा ओढून जाळून पाहावा. सुताची कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. साड्या गरम पाण्यात धुऊनच द्याव्यात. खळ राहिली तर सुई जड जाते, आणि न आटलेलं कापड शिवल्यावर आटून चुण्या पडतात. फॉल उसवून, जरीचे काठ कापून द्यावेत. जरीने दोरा कापला जातो.

पाचवारी साडी साडेपाच मीटरची. तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात. दोन साड्यांचे सहा थर हाताच्या सुईला पुरे. त्याहून जाड केली तर सुया मोडतात, बोटं सोलतात. विरलेलं कापड आत, धड कापड वर-खाली. मध्यापासून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, कच्चे टाके घालायचे, मगच धावदोरा. कच्चे टाके टाळले तर कडेकडून आत शिवत येताना मध्ये झोळ येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

आता मजुरी. दर दोन सेंटिमीटरला एक ओळ धरली तर एवढ्या गोधडीत ५५ हून अधिक ओळी बसतात, म्हणजे १०० मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी १० हजार टाके झाले. ‘साड्या तर आम्हीच दिल्या’ म्हणून यावर घासाघीस करणं अन्यायाचं आहे.

महिला बचत गटांच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत प्रत्येक गोधडीच्या चिठ्ठीवर थर किती, ओळींतलं अंतर किती, शिवण हाताची की मशीनची, एवढं तरी लिहिलं जावं. ठिगळांचं नुसतं चित्र छापलेली, आत पॉलिएस्टर भरलेली रजई शेजारी मांडली की गिऱ्हाईक फक्त किंमत बघतं.

– एक वाचक, जुन्नर (जि. पुणे)