टेललाइटचा बल्ब : मॅन्युअलमधला चुकीचा तक्ता आणि चुकीचा बाण

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एसयूव्हीच्या मागच्या दिव्याचा बल्ब बदलण्याबाबत मॅन्युअलमध्ये दिलेली चुकीची माहिती आणि दोन प्लॅस्टिकच्या पिनांसाठी आख्खा दिवा घ्यायला लावल्याबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

गाडीसोबत दिलेल्या मॅन्युअलमध्ये ‘बल्ब बदलणे’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे हे काम मालकाने घरी करावे, हे आपल्यालाच मान्य आहे. पण त्या प्रकरणात दोन चुका आहेत. त्यांच्यामुळे 40 रुपयांच्या बल्बसाठी 6,200 रुपयांचा दिवा घ्यावा लागला. शिवाय मधले दोन दिवस गाडी मागून येणाऱ्यांसाठी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर होती. पैशांचे नंतर बघू, आधी धोक्याचे लिहितो.

कोणत्या दिव्याला कोणता बल्ब लागतो त्या तक्त्यात ‘टेल/ब्रेक’ या ओळीसमोर पी 21 डब्ल्यू हा बल्बचा प्रकार छापला आहे. प्रत्यक्ष होल्डर, म्हणजे बल्ब ज्यात बसतो ती खोबण, पी 21/5 डब्ल्यूचा आहे. दोन्ही बल्ब दुकानात शेजारी टांगलेले असतात आणि लांबून सारखेच दिसतात, पण काम वेगळे. पी 21/5 डब्ल्यूमध्ये दोन फिलामेंट (उजेड देणाऱ्या तारा) असतात : 5 वॅटची टेललाइटसाठी, 21 वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या बुडाला करंट घेणाऱ्या धातूच्या दोन टिकल्या असतात आणि बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. पी 21 डब्ल्यूमध्ये फिलामेंट एक, बुडाला टिकली एक आणि खुंट्या एकाच उंचीवर.

मॅन्युअलवर विश्वास ठेवून आणलेला पी 21 डब्ल्यू त्या होल्डरमध्ये नीट बसत नाही. जोर लावला की जरा तिरका होऊन अडकतो. दिवा लागतो, त्यामुळे काम झाले असे वाटते. खरी गडबड इथेच होते. बुडाची एकच मोठी टिकली होल्डरमधल्या दोन्ही पत्त्यांना टेकते आणि टेललाइटची व ब्रेकची वायर आपसात जोडली जाते. मग दिवसा ब्रेक दाबला की चारही पार्किंग लाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड लागतो. पार्किंग लाइट लावलेले असले तर क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) सुरूच होत नाही, कारण गाडीच्या कंप्युटरला ब्रेक दाबलेलाच दिसत राहतो. कधी पार्किंगचा फ्यूज उडतो.

रात्री हेडलाइट लावल्यावर याच्या उलट होते. पार्किंगचा करंट ब्रेकच्या वायरमध्ये शिरतो आणि दोन्ही ब्रेकलाइट, वरचा तिसरा ब्रेकलाइटसुद्धा, सतत पूर्ण उजेडाने जळत राहतात. ब्रेक दाबला काय, सोडला काय, मागच्याला फरकच कळत नाही. कुंभार्ली घाटात जुलैच्या धुक्यात मागचा ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवरच आपला ब्रेक ठरवतो. तिथे हे दिवे खोटे बोलू लागले तर काय होईल, याचा विचार तक्ता तपासणाऱ्याने करायला हवा होता. पुढच्या सीटवर बसलेल्याला यातले काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक मला फार गंभीर वाटते.

इंडिकेटरची ओळ मात्र बरोबर आहे. पीवाय 21 डब्ल्यूच्या खुंट्या 150 अंशांवर असल्याने तिथे साधा बल्ब चुकून बसत नाही. रिव्हर्सचा डब्ल्यू 16 डब्ल्यूही बरोबर.

दुसरी चूक आकृतीत आहे. डिकी उघडल्यावर दिव्याच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसतात. त्यांना 8 चा पाना लागतो, पण मॅन्युअलमध्ये चौफुलीच्या स्क्रूड्रायव्हरचे चित्र आहे. ते एक वेळ चालेल, मालक डोके बघून पाना घेतो. खरे नुकसान बाणाने केले आहे. स्क्रू काढल्यावर दिवा दरवाजासारखा बाहेरच्या बाजूला फिरवा, असे बाण दाखवतो. दिव्याच्या बाहेरच्या कडेला मात्र गोल डोक्याच्या दोन प्लॅस्टिकच्या पिना आहेत आणि त्या बॉडीतल्या ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यात, सरळ घुसलेल्या आहेत. बाणाप्रमाणे फिरवले की सगळा ताण पिनांच्या मुळाशी येतो आणि त्या कटकन मोडतात.

बरोबर पद्धत चार ओळींत छापता आली असती. इग्निशन बंद करा, दिवे नुकतेच जळत असतील तर दहा मिनिटे थांबा. दोन स्क्रू काढून बाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग दिवा दोन्ही हातांनी धरून गाडीच्या लांबीच्या दिशेत, सरळ मागे ओढा. घट्ट असेल तर आतून तळहाताने हलके ठोका, पण वाकवू नका. होल्डर डावीकडे पाव वळसा फिरवून बाहेर घ्या, बल्ब आत दाबून फिरवून काढा. नवा बसवल्यावर दिवा पुन्हा बॉडीत ढकलण्याआधी पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर आणि रिव्हर्स एकेक लावून पाहा. हे शेवटचे वाक्य छापले असते, तर चुकीचा बल्बही तिथल्या तिथे पकडला गेला असता.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले गेले की पिना दिव्याच्या सांगाड्याचाच भाग आहेत, सुट्या मिळत नाहीत. ग्रोमेट, पाणी अडवणारी मागची स्पंजची गॅस्केट आणि होल्डरही सुटे मिळत नाहीत. दिवा वॉरंटीत बदलून मागितला तेव्हा ‘ग्राहकाने स्वतः उघडला’ म्हणून नकार मिळाला. बल्ब वॉरंटीत येत नाहीत, हे मान्य. पण जे काम आपलेच मॅन्युअल मालकाला करायला सांगते, ते मॅन्युअलप्रमाणे केल्यावर त्याला छेडछाड कसे म्हणता येईल? पिना नसताना नुसत्या दोन स्क्रूंवर दिवा चालवा, असाही सल्ला मिळाला. तसे केले तर बाहेरची कडा मोकळी राहते, स्पंज दबत नाही, पावसाचे पाणी होल्डरपर्यंत जाते आणि अर्थिंगच्या पत्तीवर हिरवा गंज चढतो. अर्थिंग गेली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट शोधतो आणि इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो. कोकणात गाडी विकणाऱ्यांकडून मला हा सल्ला अपेक्षित नव्हता.

माझ्या मागण्या अशा. तक्ता आणि आकृती दुरुस्त करा, आणि ही दुरुस्ती फक्त पुढच्या छपाईत न करता या मॉडेलच्या प्रत्येक नोंदणीकृत मालकाला मेसेजने व पत्राने कळवा. ज्यांनी आधीच पी 21 डब्ल्यू बसवला असेल त्यांच्या गाड्या विनामूल्य तपासा. हेडलाइट लावून तिसरा ब्रेकलाइट जळतो का एवढे पाहायचे, दोन मिनिटांचे काम आहे. पिना स्क्रूने बसवता येतील अशा करा आणि ग्रोमेट, गॅस्केट, होल्डर पार्ट नंबरसह सुटे विका. आणि माझे 6,200 रुपये परत करा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 नुसार, योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसल्यामुळे हानी झाली तर उत्पादक जबाबदार ठरू शकतो. या तक्त्यामुळे एखाद्याला मागून धडक बसली तर प्रश्न एका दिव्याच्या किमतीचा राहणार नाही. अजून वेळ आहे, म्हणून हे पत्र आधी आपल्याकडे पाठवत आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

जुना दिवा, मोडलेल्या पिना आणि आणलेला पी 21 डब्ल्यू बल्ब जपून ठेवला आहे. आपला माणूस कधीही येऊन पाहू शकतो.

आपला,
एक ग्राहक
चिपळूण, जि. रत्नागिरी

सोबत : मॅन्युअलच्या दोन पानांची छायाप्रत, दोन्ही बल्बच्या बुडाचे शेजारी ठेवून काढलेले फोटो, दिव्याचे बिल, आरसीची प्रत.